जयपूरचा गजोत्सव

राजस्थानची राजधानी जयपूर हे नगर सवाई जयसिंह यांनी १७२७ साली वसविले. एकमेकांस काटकोनात छेदणारे प्रशस्त राजमार्ग, गुलाबी रंगाने रंगविलेल्या भिंती आणि असंख्य गवाक्षांचा हवामहाल यांमुळे या नगराची कीर्ती देशोदेशी पसरली आहे. याच नगराच्या तटबंदीच्या आत ‘चौगान’ नावाचे एक विस्तीर्ण मैदान आहे. घोड्यावर बसून लांब काठीने चेंडू टोलविण्याच्या ज्या खेळास आज पोलो म्हणतात, त्याचे जुने नाव चौगान. त्या खेळावरूनच मैदानासही ते नाव मिळाले. राजेरजवाड्यांच्या काळी येथे पोलोचे डाव रंगत आणि हत्तींच्या झुंजीही लागत. पुढे राजे गेले, संस्थाने विलीन झाली, तरी हत्ती आणि चौगान यांचा संबंध तुटला नाही. राजस्थानच्या पर्यटन विभागाने फाल्गुन पौर्णिमेस, म्हणजे होळीच्या दिवशी, या मैदानावर हत्तींचा एक उत्सव भरविण्यास प्रारंभ केला. कालांतराने तो नगरातील पोलोच्या मैदानावरही भरू लागला.

हत्तींचे उत्सव आपल्या देशात पुष्कळ आहेत. केरळात त्रिशूरच्या पूरमात शृंगारलेल्या हत्तींच्या समोरासमोर रांगा उभ्या राहतात. म्हैसूरच्या दसऱ्यास सुमारे साडेसातशे किलो वजनाची सोन्याने मढविलेली अंबारी पाठीवर घेऊन गजराज मिरवतो. परंतु पूरम हा देवाचा उत्सव आहे आणि दसरा ही राजघराण्याची परंपरा आहे; तेथे पाहुणा आला काय किंवा न आला काय, उत्सव व्हावयाचाच. जयपूरचा गजोत्सव तसा नव्हता. तो पाहुण्यांसाठीच भरत असे. दूरदेशीच्या प्रवाशांना राजस्थानचे वैभव एका संध्याकाळी, एका मैदानावर पाहावयास मिळावे, हा त्याचा हेतू होता.

उत्सवाची खरी तयारी मात्र संध्याकाळी नव्हे, तर कितीतरी आधी सुरू होई. माहूत प्रथम हत्तीस आडवे पाडून पाण्याने घासूनपुसून काढीत. गंडस्थळावर तेल चोळले जाई. मग रंगकाम करणारे कारागीर वाट्या आणि कुंचले घेऊन बसत. हत्तीची कातडी काळसर आणि सुरकुतलेली. तिच्यावर रेषा सरळ उमटणे सोपे नव्हे. आधी आकृतीची बाह्यरेषा काढावयाची आणि मग ती पिवळ्या, लाल, हिरव्या, निळ्या रंगांनी भरावयाची, असा क्रम असे. कपाळावर कमळ, सोंडेवरून उतरत येणारी वेल, कानांवर मोर आणि पोपट, पायांवर फुलांच्या माळा, आणि कोठे तर झेप घेणारा वाघसुद्धा! एवढे चित्र होत असता तो प्रचंड प्राणी कान हलवीत, मधूनच सोंडेच्या टोकाने रंगाची वाटी हुंगत उभा राही. रंग वाळला की पाठीवर जरीकामाची मखमली झूल चढे, गळ्यात घंटा आणि हार पडत, कपाळावर चांदीचे अलंकार लटकत आणि पायांत पैंजण वाजू लागत.

जयपूरच्या या हत्तींपैकी जवळजवळ सर्व हत्तिणीच असतात. नर हत्ती मधूनमधून मदोन्मत्त होतो, आणि त्या अवस्थेत तो माहुताचेही ऐकत नाही. म्हणून गर्दीच्या कामास हत्तीणच निवडतात. आशियाई हत्तिणीस बाहेर दिसणारे सुळे बहुधा नसतात. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण तेव्हा तिला तरी लागू पडत नाही.

तुताऱ्या आणि नगारे वाजू लागले की मिरवणूक मैदानात शिरे. पुढे उंट आणि घोडे, त्यांच्यामागे घागऱ्यांचे घेर फिरवीत नाचणाऱ्या स्त्रिया, आणि त्यांच्यामागून एकामागून एक हत्तिणी डुलत डुलत येत. प्रेक्षकांत कॅमेऱ्यांची एकच लगबग उडे. सर्वांत सुंदर शृंगारलेल्या हत्तिणीस पारितोषिक मिळे. ते तिच्या माहुतास मोठ्या अभिमानाचे वाटे, कारण त्यापायी त्याचे घरदार अनेक रात्री जागलेले असे. त्यानंतर हत्तींची शर्यत होई. हत्तींवर बसून पोलोचा डाव होई. त्यात माहूत हत्तीस हाकी आणि त्याच्या मागे बसलेला खेळाडू लांबलचक काठीने चेंडूचा वेध घेई. सर्वांत अधिक हशा पिके तो रस्सीखेचीच्या वेळी. दोराच्या एका टोकाशी एक हत्तीण आणि दुसऱ्या टोकाशी दहा माणसे, स्त्रिया आणि पुरुष, पुष्कळ वेळा परदेशी पाहुणे! तीही माणसे दात ओठ खाऊन ओढीत, आणि हत्तीण दोन पावले सहज मागे सरली की सगळीच्या सगळी फळी मैदानावर लोळण घेई. शेवटी हत्तींच्या पाठीवरून गुलालाची उधळण होई आणि मावळतीच्या उजेडात सारे मैदान लाल होऊन जाई.

हे दृश्य नेत्रदीपक होते, यात संशय नाही. त्यामागे शतकांची परंपराही होती. हत्ती हे आपल्याकडे ऐश्वर्याचे चिन्ह मानले गेले. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सेंडन याने रायगडावर हत्ती पाहिले, तेव्हा एवढ्या अवघड वाटेने ते वर आले तरी कसे, याचे त्यास मोठे आश्चर्य वाटले. आमेरच्या किल्ल्यात तर हत्तींसाठीच आखलेली चढण आहे. ‘त्याच्या दारी हत्ती झुलतात’ असे आपण मराठीत म्हणतो, तेव्हा त्या मनुष्याच्या संपत्तीची सीमा नाही असे सांगावयाचे असते.

पण या ‘झुलणे’ शब्दाशी क्षणभर थांबले पाहिजे. हत्ती दारी झुलतो, म्हणजे करतो काय? तो एका जागी बांधलेला असतो. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकीत, मस्तक डाव्या-उजव्या बाजूस हलवीत तो तासचे तास डोलत राहतो. पाहणाऱ्यास वाटते, स्वारी मजेत आहे, वाद्यांच्या तालावर नाचते आहे. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी अरण्यातील मोकळे हत्ती आणि साखळीने जखडलेले हत्ती या दोहोंचे बारकाईने निरीक्षण केले. अरण्यातील हत्ती असे सतत झुलत नाहीत, असे त्यांना आढळले. ज्यास चालावयास जागा नाही, करावयास काही नाही आणि सोबतीस आपला कळप नाही, तो प्राणी ही एकच हालचाल पुन्हा पुन्हा करीत राहतो. पिंजऱ्यातील वाघाच्या येरझाऱ्या ज्या जातीच्या, त्याच जातीचे हे झुलणे. ज्यास आपण वैभवाची खूण समजत आलो, ती त्या मुक्या जिवाच्या कंटाळ्याची आणि कोंडमाऱ्याची खूण होती.

हत्ती हा मुळात चालणारा प्राणी आहे. अरण्यात तो दिवसातील बहुतेक वेळ चरत आणि चालत घालवितो. मोठ्या हत्तीस दिवसाला दीडशे किलोंच्या आसपास चारा लागतो, आणि तो एका जागी मिळत नाही. त्याचे पाऊल वरून खांबासारखे दणकट दिसते, पण तळव्यात चरबीची मऊ गादी असते. ती मातीसाठी घडलेली आहे, तापलेल्या डांबरी रस्त्यासाठी नव्हे. मनुष्यासारखा घाम त्याला येत नाही. सुपासारखे कान हलवून, अंगावर पाणी आणि चिखल उडवून तो आपला देह थंड ठेवतो. अशा कातडीवर रासायनिक रंगांचे थर चढविले, तर तिला अपाय होणारच. हत्तीचे कानही विलक्षण आहेत. कॅटी पेन या संशोधिकेस १९८४ साली अमेरिकेतील एका प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभे असता हवेत एक अस्पष्ट कंप जाणवला. पुढे यंत्रांच्या साहाय्याने सिद्ध झाले की, मनुष्याच्या कानांस मुळीच ऐकू न येणाऱ्या खर्जातील ध्वनींनी हत्ती परस्परांशी बोलत असतात. ज्या प्राण्याची श्रवणशक्ती इतकी सूक्ष्म, त्याच्या कानाशी नगारे वाजविले म्हणजे त्याला काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आणि कळप! हत्तिणी जन्मभर आपल्या आई, मावश्या आणि बहिणी यांच्या संगतीत राहतात. कळपाची धुरा एखाद्या वयस्क, अनुभवी हत्तिणीकडे असते. उन्हाळ्यात पाणी कोठे मिळेल, हे तिला आठवत असते. जयपुरात हत्तींचे अरण्य नाही. तेथील हत्तिणी आसामातून किंवा बिहारमधील सोनपूरच्या जत्रेतून आणलेल्या. म्हणजे प्रत्येकीची ताटातूट आधीच झालेली.

असे प्रश्न पूर्वी कोणी फारसे विचारीत नसे. हळूहळू ते विचारले जाऊ लागले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला आणि त्या कायद्याखाली भारतीय प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले. खेळ-तमाशांत प्राण्यांचा उपयोग करावयाचा असेल, तर त्यांची मंडळाकडे नोंदणी झाली पाहिजे, असे नियम २००१ साली आले. हत्तीस २०१० साली भारताचा ‘राष्ट्रीय वारसा प्राणी’ हा मान मिळाला. मग वारसा म्हणून गौरवावयाचे आणि गुलालाच्या गदारोळात पळवावयाचे, या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदाव्यात? प्राणिकल्याण मंडळाने आणि प्राणिमित्रांनी हरकत घेतली, आणि २०१२ साली जयपूरचा गजोत्सव रद्द झाला. पर्यटन विभागाने पुढे पाहुण्यांसाठी धुळवडीचा कार्यक्रम ठेवला. त्यात लोकगीते होती, नृत्ये होती, गुलालही होता. हत्ती मात्र नव्हते.

येथे कोणी म्हणेल, प्रश्न मिटला. परंतु तो तसा मिटत नाही. हत्तीच्या पायाशी आणखी एक जीव उभा असतो, तो म्हणजे माहूत. जयपूरचे माहूत हे बहुधा पिढीजात. राजाच्या हत्तीखान्यात आजा-पणजांनी चाकरी केली, आणि नातू आमेरच्या चढणीवर हत्ती हाकतो. अशी कुटुंबे तेथे आहेत. त्यांत पुष्कळ कुटुंबे मुसलमान आहेत, आणि गणगौर नि तीज या सणांच्या मिरवणुकींसाठी त्यांनीच हौसेने हत्ती शृंगारले आहेत. माहुताच्या हातातील अंकुश सर्वांना दिसतो, परंतु हत्तीच्या मानेवर बसून तो पायाच्या बोटांनी तिच्या कानामागे हळूच खुणा करतो, त्या कोणाच्या ध्यानात येत नाहीत. त्याचे निम्मे हाकणे त्या खुणांवर चालते. हत्तीण आजारी पडली तर तो तिच्याजवळच निजतो. तो हत्तिणीवर प्रेम करतो हे खरे, आणि तिला साखळीने बांधतो हेही खरे. यांतील एकच गोष्ट पाहणारा मनुष्य माहुतासही ओळखत नाही आणि हत्तीसही नाही.

शिवाय हत्ती पोसणे म्हणजे काय, हे माहुतालाच ठाऊक. उत्सव असो वा नसो, रोजचा चारा चुकत नाही. २०२० साली महामारीची साथ आली, मार्च महिन्यात देशातील स्मारके बंद झाली आणि आमेरच्या किल्ल्यावरील हत्तीची सवारीही थांबली. दुकान बंद ठेवता येते; हत्तिणीचे पोट बंद ठेवता येत नाही. तेव्हा कित्येक मालक आणि माहूत उसनवारीवर आणि लोकांच्या मदतीवर दिवस काढू लागले. सवारी पुन्हा सुरू झाली आहे आणि एका हत्तीवर आता दोनच प्रवासी बसतात. तथापि ती असावी की नसावी, याविषयीचा वाद अद्याप चालूच आहे. दोन्ही बाजूंस सांगण्यासारखे आहे. फक्त एका पक्षास बोलता येत नाही, एवढेच.

या साऱ्या वादात एक काम मात्र असे झाले की, ज्यात हत्तीच्या गरजेचा विचार सर्वांच्या आधी केला गेला. पूर्वी जयपूरचे हत्ती जुन्या वस्तीतील अरुंद जागांत, माणसांच्या दाटीत बांधलेले असत. त्यांच्यासाठी स्वतंत्र गाव वसवावे, असे राज्य शासनाने ठरविले. आमेरजवळ जागा निवडली गेली आणि आराखड्याचे काम मुंबईचे वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा यांच्याकडे आले. शंभर हत्ती आणि त्यांचे माहूत राहतील, असे हे गाव २०१० च्या सुमारास उभे राहिले. ‘हाथीगाव’ असेच त्याचे नाव आहे.

निवडलेली जागा पाहून कोणीही निराश झाला असता. वाळूसाठी खोदून खोदून ती भूमी ओसाड झाली होती. जागोजागी खड्डे, ना झाड ना पाणी. मनुष्यासाठी गाव बांधावयाचे असते तर आधी घरे उभारली असती. परंतु हे गाव हत्तीचे होते. म्हणून आधी भिंती न बांधता पाण्याची सोय केली गेली. उतारावरून पावसाचे पाणी कसे वाहते, हे पाहून ते साठविण्यासाठी तळी तयार केली. मरुभूमीच्या कडेला पाऊस थोडा. तो वाया जाऊ द्यावयाचा नाही. पाण्यापाठोपाठ झाडे लावली गेली. त्यानंतर घरे आली, तीही साधी आणि आटोपशीर. हत्तीचा निवारा उंच आणि मोठा, त्याला लागूनच माहुताच्या कुटुंबाच्या लहानशा खोल्या, आणि अशी काही घरे मिळून मध्ये एक अंगण. अंगणात मुले खेळतात आणि जवळच हत्तीण ऊस मोडीत उभी असते.

या गावाची रचना करणाऱ्यांनी तळ्याला एवढे महत्त्व का दिले? तहान भागविण्यास तळे हवेच, परंतु तेवढेच कारण नव्हते. हत्ती आणि माहूत यांचा स्नेह जुळतो तो स्नानाच्या वेळी. चढणीवर माहूत आज्ञा करतो आणि हत्तीण ती पाळते. पाण्यात मात्र हत्तीण एका कुशीवर पडून राहते आणि माहूतच तिची सेवा करतो. ब्रशाने कानामागचा मळ काढतो, नखे घासतो, पायाच्या तळव्यास कोठे भेग पडली आहे का ते पाहतो. त्याची मुलेही पाण्यात उतरतात. अंगावर रंगाची एखादी वेल राहिली असली, तर ती विरघळून पाण्याबरोबर जाते.

पंडितांनी व्यर्थ श्रमास ‘गजस्नान’ असे नाव दिले आहे. कारण हत्ती न्हाऊन बाहेर येतो न येतो तोच अंगावर धूळ उडवून घेतो. हाथीगावच्या तळ्यावरही संध्याकाळी हेच घडते. घटकाभर घासून लखलखीत केलेली हत्तीण काठावर येते, सोंडेत माती भरते आणि फुर्रकन आपल्या पाठीवर उधळते. पण ही धूळ म्हणजे मळ नव्हे. ओल्या कातडीवर तिचा लेप बसतो आणि उन्हापासून, डासमाश्यांपासून तो तिचे रक्षण करतो. माहूत हातातील ब्रश खाली ठेवतो, कपाळावरचे पाणी निपटतो आणि हसत बाजूस होतो. हत्तीण पुन्हा एकदा सोंड मातीत घालते.